परदेशात खेळायला जायचं, पण कोणत्या वाटेनं? बाला देवी, मनीषा कल्याण आणि अदिती चौहान यांच्या कारकिर्दींचा तुलनात्मक आढावा

इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे आयडब्ल्यूएलमध्ये, एखादा हंगाम चांगला गेला की मुलीच्या फोनवर मेसेज यायला लागतात. कुणी सायप्रसचं नाव घेतं, कुणी क्रोएशियातल्या ट्रायलबद्दल बोलतं. नात्यातलं कुणीतरी सुचवतं, की त्यापेक्षा इंग्लंडला मास्टर्सला जा, शिक्षणही होईल आणि खेळही सुटणार नाही. आई म्हणते, आधी नोकरीचं बघ. यातलं कुणीच चुकीचं बोलत नसतं, म्हणून तर निर्णय अवघड होतो. हा आढावा अशा १८ ते २३ वयाच्या मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी आहे. ती कोल्हापूरची असो, मुंबईची असो की मडगावची.

देश आणि क्लब यांची तुलना करताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: तिथे गेल्यावर वर्षभरात ती किती मिनिटं मैदानावर असेल? पगार, शहर, जर्सीवरचा बिल्ला, हे सगळं त्यानंतर. विशीतल्या खेळाडूचं एक वर्ष बेंचवर गेलं की पुढच्या वर्षी राष्ट्रीय शिबिरात तिच्या जागी दुसरी मुलगी आलेली असते. भारतातून बाहेर गेलेल्यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसतं.

बाला देवी आणि मनीषा: मोठं नाव की छोटी लीग

मणिपूरच्या बाला देवीनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोला जाऊन रेंजर्स या स्कॉटिश क्लबकडे ट्रायल दिली आणि जानेवारी २०२० मध्ये १८ महिन्यांचा करार केला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. दार कसं उघडलं, हे इथे महत्त्वाचं आहे. बंगळुरू एफसी आणि रेंजर्स यांच्यात २०१९ मध्येच भागीदारी झाली होती, त्या ओळखीतून ट्रायल जुळली. म्हणजे भारताकडून वर्षानुवर्षं गोल करूनही युरोपातल्या क्लबनं तिच्याकडे बघायला कुणीतरी मध्ये दुवा असावा लागला.

करार झाला तेव्हा ती तिशीला टेकली होती. फेब्रुवारीत स्कॉटलंडचा हंगाम सुरू झाला, मार्चमध्ये कोविडनं सगळं बंद पडलं आणि तो हंगाम तसाच सोडून द्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला. ६ डिसेंबर २०२० ला मदरवेलविरुद्ध रेंजर्सनं ९-० असा विजय मिळवला, त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरून तिनं आपला पहिला गोल केला. करारापासून पहिल्या गोलपर्यंत दहा महिने गेले. पुढे गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत झाली आणि २०२२ चा आशियाई चषक, तोही नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात होत असताना, हुकला. ती परत उभी राहिली आणि २०२४ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत तिनं भारतासाठी पन्नासावा गोल केला. तिच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण निर्णय घेणाऱ्या मुलीनं तिच्या वाटेकडे बघताना हेही लक्षात घ्यावं, की हीच संधी तिला बाविसाव्या वर्षी मिळाली असती तर एक बुडालेला हंगाम आणि एक दुखापत पचवायला तिच्या हाताशी बरीच वर्षं राहिली असती. तिच्या पाठीशी मणिपूर पोलिसांतली नोकरी होती, ही बाबही तितकीच मोठी आहे. नोकरीवर आपण नंतर येऊच.

आता मनीषा कल्याण. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुग्गोवाल गावची. गोकुलम केरळ या आयडब्ल्यूएल क्लबची खेळाडू असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या मनौसला तिनं भारताकडून ब्राझीलविरुद्ध गोल केला. सामना भारत १-६ असा हरला, ब्राझीलची दिग्गज खेळाडू फोर्मिगा हिचा तो निरोपाचा सामना होता, आणि त्या गर्दीत एका भारतीय मुलीनं सुरुवातीच्या दहा मिनिटांतच बरोबरी साधली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिनं सायप्रसच्या अपोलॉन लेडीजशी करार केला. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

सायप्रसची लीग युरोपातल्या मोठ्या लीगांत मोडत नाही. पण अपोलॉन तिथला अव्वल क्लब आहे, आणि छोट्या देशाच्या विजेत्या क्लबलाही महिला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळते. त्यामुळे १८ ऑगस्ट २०२२ ला लाटव्हियाच्या एसएफके रीगाविरुद्ध दुसऱ्या सत्रात मैदानावर उतरून मनीषा त्या स्पर्धेत खेळणारी पहिली भारतीय ठरली.

त्याच आठवड्यात तिच्या जुन्या क्लबवर काय वेळ आली होती, ते आठवा. फिफानं १५ ऑगस्टला भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातली. गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, आणि तिथूनच न खेळता परत आल्या. बंदी २६ तारखेला उठली, तोवर स्पर्धा हातची गेली होती. मनीषा गोकुलममध्ये राहिली असती तर तीही त्याच विमानानं परतली असती. क्लब बदलण्याचा फायदा इतका उघडपणे क्वचितच दिसतो.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, ती ग्रीसच्या पाओकमध्ये गेली. छोट्या लीगमधून थोड्या मोठ्या लीगमध्ये जाण्याचा हा रस्ता युरोपात नेहमीचा आहे. भारतीय खेळाडूनं तो पहिल्यांदा पायरी पायरीनं चढून दाखवला, म्हणून मला मनीषाची वाट बालाच्या वाटेपेक्षा अनुकरणीय वाटते. रेंजर्सचं नाव भारतातल्या फुटबॉलप्रेमींना कळतं, अपोलॉनचं कळत नाही. नातेवाइकांना सांगताना याचा फरक पडतो, खेळात अजिबात पडत नाही.

२०२२ मध्येच ज्योती चौहान आणि सौम्या गुगुलोथ क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबला गेल्या आणि दांगमेई ग्रेस उझबेकिस्तानच्या नासाफला. सौम्याचं उदाहरण पालकांनी जरूर बघावं. ती भारतात परतली, ईस्ट बंगालकडून २०२४-२५ ची आयडब्ल्यूएल जिंकली आणि महासंघाची त्या वर्षीची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. 'परत आली म्हणजे जमलं नाही' असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. ते मनातून काढून टाकलं तर जाण्याचा निर्णयही सोपा होईल.

शिक्षणाच्या वाटेनं

गोलकीपर अदिती चौहान लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनात मास्टर्स करायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाली. इंग्लिश लीगमध्ये खेळलेली ती पहिली भारतीय महिला. पहिलाच सामना संघ ०-५ असा हरला, तरी ती टिकली आणि काही हंगाम तिथे खेळली. परतल्यावर गोकुलमबरोबर आयडब्ल्यूएल जिंकली, मग आइसलँडच्या हामारकडे जाऊन आली, आणि २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिनं स्वतःची अकादमीही उभी केली. या सगळ्यात ती पदवी कामाला आली असणार, हे सांगायला नको.

पण तिच्या वेळचा वेस्ट हॅम महिला संघ तिसऱ्या श्रेणीत होता. आजचा वेस्ट हॅम विमेन्स सुपर लीगमध्ये, म्हणजे अव्वल श्रेणीत आहे. नाव तेच असलं तरी 'अदितीसारखं वेस्ट हॅमला जाऊ' असं आज कुणी सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट व्हिसाची. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. विद्यापीठाच्या संघातून खेळता येतं, हौशी क्लबमधून खेळता येतं, पण पगारी करारावर सही करता येत नाही. सही केलीच, तर व्हिसाच्या अटी मोडल्याचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. एजंट हे सांगत नाहीत, शिक्षणाचे सल्लागार तर नाहीच नाही.

कॅनडा आणि अमेरिकेत विद्यापीठाचं फुटबॉल जास्त गंभीरपणे चालतं. डालिमा छिब्बर मॅनिटोबा विद्यापीठाच्या बायसन्स संघाकडून खेळली, ती याच मार्गानं. अमेरिकेच्या बाबतीत मात्र क्रम उलटा झाला की पंचाईत होते. आधी व्यावसायिक करार केला आणि मग कॉलेजच्या संघात जायचं ठरवलं, तर हौशी खेळाडूच्या नियमांखाली पात्रता अडचणीत येऊ शकते. म्हणून सतराव्या-अठराव्या वर्षी अमेरिकन शिष्यवृत्तीचा विचार मनात असेल, तर आयडब्ल्यूएलच्या क्लबनं पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधीच तो विचार पक्का करावा.

माझ्या मते ही वाट अभ्यासात खरंच रस असलेल्या मुलीसाठी आहे, आणि तिच्यासाठी ती उत्तम आहे. केवळ परदेशात पाय ठेवायला मिळावा म्हणून लाखो रुपयांचं शैक्षणिक कर्ज काढून, मग तिथे क्लब शोधू, असा बेत असेल तर तो करू नये.

इथेच राहिलं तर

आयडब्ल्यूएल २०१६-१७ मध्ये सुरू झाली. बरीच वर्षं ती एका शहरात सगळे संघ जमवून महिना-दीड महिन्यात उरकली जायची. २०२१-२२ चा हंगाम भुवनेश्वरला झाला, २०२२-२३ चा अहमदाबादला. वर्षाचे उरलेले दहा-अकरा महिने मुलींनी काय करायचं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. २०२३-२४ मध्ये घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने सुरू झाले. २०२४-२५ मध्ये आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १४ सामने. सगळे पूर्ण खेळली तरी १,२६० मिनिटं. स्पेनच्या लीगा एफमध्ये १६ संघ आणि ३० सामने असतात, मिनिटं दुपटीच्या वर जातात. इथल्या लीगची खरी उणीव या आकड्यात आहे. गुणवत्तेचा प्रश्न त्यानंतरचा.

पैशाचं बोलायचं तर महासंघानं २०२३ मध्ये ठरवलं, की आयडब्ल्यूएलच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३.२ लाख रुपयांचे करार द्यावेत. यात घर चालत नाही, पण याआधी तेवढंही लेखी नव्हतं. दुसरीकडे आशियाई महिला चॅम्पियन्स लीग २०२४-२५ पासून सुरू झाल्यामुळे भारतात राहूनही खंडातल्या मोठ्या क्लबांशी खेळायची सोय झाली आहे. ईस्ट बंगाल २०२५ मध्ये वुहानला जाऊन खेळला आणि इराणच्या बाम खातूनला ३-१ असं हरवून आला.

आता नोकरी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ते मिळतं मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर. महिला फुटबॉलमध्ये त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा महत्त्वाच्या. वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा करंडक आपल्या राजमाता जिजाबाईंच्या नावानं दिला जातो. सायप्रसच्या लीगमधले वीस गोल या हिशेबात धरले जातीलच असं नाही, आणि परदेशी क्लबमध्ये असताना राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याच्या संघातून खेळायला सुट्टी मिळणं जवळपास अशक्य. त्यामुळे नोकरी हेच घरचं पहिलं उद्दिष्ट असेल, तर आधी राज्याकडून आणि राष्ट्रीय स्पर्धांत खेळून प्रमाणपत्रं हातात घ्यावीत, परदेश त्यानंतर. आई 'नोकरीचं बघ' म्हणते त्याला भक्कम आधार आहे. पोलीस, रेल्वे, निमलष्करी दलं यांच्या नोकऱ्यांवर भारतीय महिला फुटबॉल कित्येक वर्षं तगलं. बेंबेम देवी मणिपूर पोलिसांत असतानाच २०१४ मध्ये मालदीवच्या न्यू रेडियंटकडून खेळून आली आणि पुढे पद्मश्रीपर्यंत पोचली.

इंग्लंड, स्पेन, अमेरिका

इथे थोडक्यात सांगते, कारण बहुतेकींसाठी ही पहिली पायरी नाही. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत परदेशी खेळाडूला तिथल्या फुटबॉल महासंघाची मान्यता लागते आणि त्या मान्यतेसाठीचे गुण खेळाडूच्या राष्ट्रीय संघाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेले असतात. भारतीय महिला संघ गेली काही वर्षं साठ ते सत्तरच्या घरात आहे, त्यामुळे आपोआप मान्यता मिळत नाही. लीगा एफमध्ये २०२३ च्या संपानंतर किमान वार्षिक वेतन २१,००० युरो ठरलं आणि पुढच्या दोन हंगामांत ते २३,५०० पर्यंत न्यायचं मान्य झालं. अमेरिकेच्या एनडब्ल्यूएसएल या अव्वल महिला लीगमध्ये २०२५ चं किमान वेतन ४८,५०० डॉलर होतं. हे आकडे डोळ्यासमोर असू द्यावेत, एवढ्यासाठी की दुसरीकडून आलेला प्रस्ताव कशाशी ताडायचा ते कळावं. छोट्या लीगमधला प्रस्ताव बघताना महिन्याचा आकडा एकटा बघू नये. घरभाडं, जेवण, विमा आणि वर्षातून एकदा घरी यायचं विमानभाडं कोण देणार, हे मिळवून मग हिशेब मांडावा. ८०० युरो आणि राहायला घर, हा प्रस्ताव नुसत्या १,२०० युरोंपेक्षा बरा असू शकतो.

करार वाचताना

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण परदेशी गेलेल्या मुलींना रडवतो तो बहुधा करार.

वय १८ पूर्ण झाल्याशिवाय फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय बदली, म्हणजे एका देशातल्या क्लबमधून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जाणं, होत नाही, मोजके अपवाद सोडून. कुणी सतरा वर्षांच्या मुलीला 'आत्ता ये, कागद नंतर करू' म्हणत असेल तर तिथेच संभाषण थांबवावं. बदली खरी असेल तर भारतीय महासंघाकडून आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र जातं, आणि त्याशिवाय ती मुलगी तिथे अधिकृत सामना खेळूच शकत नाही. एजंटकडे फिफाचा परवाना असायला हवा. तो नाव टाकून तपासता येतो, आणि तपासावाच.

'वर्क परमिट मिळालं तरच हा करार लागू' किंवा 'इथे आल्यावर वैद्यकीय चाचणी पास झाली तरच' अशी ओळ करारात दिसली, तर फिफाचे नियम अशी अट मान्य करत नाहीत. चाचणी आणि परमिट सहीच्या आधी व्हायला हवं, ती क्लबची जबाबदारी. ही एक ओळ काढून घेतली तरी विमानतळावरून परत पाठवलं जाण्याची भीती बरीच कमी होते.

पगार दोन महिने थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देता येते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणासह करार मोडता येतो. नोटीस व्हॉट्सअॅपवर नको, ईमेलवर हवी, तारखेसह.

दुखापतीबद्दल स्वतंत्र कलम मागावं. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या लिगामेंटच्या दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. शस्त्रक्रिया कोणत्या देशात होणार, खर्च कुणाचा, पुढचे आठ-नऊ महिने फिजिओ कुठे आणि पगार चालू राहणार का, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत. 'क्लब काळजी घेईल' हे वाक्य कोणत्याही वादात टिकत नाही.

आणि मातृत्व. वीस वर्षांच्या मुलीला हे दूरचं वाटेल, पण अनेक देशांत कारकीर्द करायची तर हे कलम माहीत हवं. २०२१ पासून फिफानं किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात करारातल्या पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम बंधनकारक केली. आइसलँडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर स्वीडन आणि जर्मनीत खेळून फ्रान्सच्या लिऑनला आली होती. तिथे ती गरोदर राहिली, क्लबच्या संमतीनं मायदेशी गेली आणि तिचा पगार अडकला. तिनं खेळाडूंच्या संघटनेची मदत घेतली, आणि २०२२ मध्ये फिफाच्या न्यायाधिकरणानं लिऑनला ८२,००० युरोंहून जास्त रक्कम द्यायला लावली. युरोपचा विजेता क्लब आणि तिच्यासारखी नावाजलेली खेळाडू असतानाही हे घडलं. नियम हाताशी होता आणि तो वापरायची तिची तयारी होती, म्हणून पैसे मिळाले.

राष्ट्रीय संघाबद्दल एक गोष्ट विसरली जाते. फिफा विंडोमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफानं राखून ठेवलेल्या तारखांना, बोलावणं आलं तर क्लबला सोडावंच लागतं. विंडोच्या बाहेर भारताची लांबलचक शिबिरं असतात, तिथे सोडायचं की नाही हे क्लबच्या मर्जीवर. शिबिर चुकलं की निवड चुकण्याची धास्ती असते. यावर भारतीय प्रशिक्षकांशी जाण्याआधी बोलून घ्यावं.

मग कुणी काय निवडावं

अठरा-एकोणीस वय आणि आयडब्ल्यूएलमध्ये पहिल्या अकरात जागा असेल, तर मी अजून एक-दोन हंगाम इथेच राहायला सांगेन. याच काळात राष्ट्रीय स्पर्धाही खेळून घ्याव्यात.

वीस ते बावीस, भारताच्या शिबिरात ये-जा सुरू आहे, आणि सायप्रस, ग्रीस किंवा क्रोएशियासारख्या लीगमधला वरच्या फळीतला क्लब लेखी प्रस्ताव देतोय: जावं. थंडी, जेवण, भाषा, एकटेपणा, सगळं सोसण्यासारखं आहे, त्या वयात तर नक्कीच.

पंचवीस उलटली आहे आणि सरकारी नोकरी आहे, तर बिनपगारी रजा मंजूर करून एका हंगामासाठी जावं. राजीनामा देऊ नये, समोर कितीही मोठा क्लब असला तरी.

गोलकीपरसाठी माझा सल्ला जरा वेगळा आहे. संघात एकच गोलकीपर खेळते आणि प्रशिक्षक तिला सहसा बदलत नाहीत. दुसरी गोलकीपर म्हणून गेलात तर वर्षात दोन-तीन सामने मिळतील. म्हणून गोलकीपरनं नंबर एकची जागा खरोखर रिकामी असल्याशिवाय हलू नये; शिक्षणासोबत खालच्या श्रेणीत खेळण्याची अदितीची वाट तिच्यासाठी मला जास्त योग्य वाटते.

मिनिटांचा अंदाज आधी कसा घ्यायचा, असं मुली विचारतात. त्या क्लबच्या गेल्या हंगामातल्या शेवटच्या दहा सामन्यांच्या संघयाद्या काढा, बहुतेक लीगांच्या संकेतस्थळावर त्या असतात. तुमच्या जागी कोण खेळली, ती अजून करारात आहे का, तिला विश्रांती दिली तेव्हा कोण उतरली, आणि परदेशी खेळाडूंपैकी किती जणी नव्वद मिनिटं टिकल्या, ते वहीत लिहून काढा. मग क्लबच्या प्रशिक्षकांशी व्हिडिओ कॉल मागा, तुम्हाला कोणत्या जागेवर खेळवणार ते विचारा, आणि त्यांचं उत्तर त्या वहीशी जुळतंय का ते बघा. प्रशिक्षक कॉलवर यायलाच तयार नसतील आणि सगळं बोलणं एजंटमार्फतच चाललं असेल, तर त्या हंगामापुरता तो प्रस्ताव बाजूला ठेवा.